बनसोडे मिस्तरींच्या दोन भिंती

"बाई, ह्याला पाठ कुठं हाय?"

बनसोडे मिस्तरी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला कारखान्यात लागून आठ दिवस झाले होते. येरमाळ्याच्या पलीकडं, हायवेपासून आत, माळावर आमचा सहकारी साखर कारखाना. तिथं मी ट्रेसर होते. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग निळसर तलम कापडावर शाईनं गिरवायचं, मग त्याच्यावरून अमोनियाच्या प्रती काढायच्या, एवढंच माझं काम. त्या दिवशी पंपाच्या बिडाच्या झाकणाचं ड्रॉइंग मी गिरवून वर्कशॉपला दिलं होतं. तासाभरात मिस्तरी ते घेऊन ड्रॉइंग रूमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"पाठ म्हणजे?" मी विचारलं.

"समोरून दिसतंय, वरनं दिसतंय. पर मागल्या अंगाला तुटक रेघांचं भोक पायजे. तुमी काढलंच न्हाय. मग पाणी भाईर पडंल कुठनं? आतच अडकून बसंल की."

त्या तुटक रेघा मला पेन्सिलीचे डाग वाटल्या होत्या, म्हणून मी सोडून दिल्या होत्या. माझे कान गरम झाले. शेजारच्या केबिनमध्ये इंजिनियर साहेब बसले होते. मिस्तरींनी आवाज खाली आणला. "काढा आत्ताच. मी हितंच उभा हाय." आणि मी त्या रेघा काढून शाई वाळेपर्यंत ते खरंच दारात उभे राहिले. साहेबांना कधी कळलं नाही.

मिस्तरी तेव्हा पस्तिशीचे असतील. उंच, जरा वाकलेले, हाताची बोटं अंगाच्या मानानं फार लांब. कानावर पेन्सिल, खाकी शर्टाच्या खिशात घडीची फूटपट्टी. हजेरीपटावर ते 'सुतार' होते, पण खरं त्यांचं काम पॅटर्नचं. मशिनचा एखादा बिडाचा भाग तुटला की ड्रॉइंग बघून ते हुबेहूब तसाच भाग लाकडात करायचे. तो लाकडी पॅटर्न सोलापूरच्या फौंड्रीत जायचा. तिथं तो वाळूत दाबून काढून घेत आणि राहिलेल्या पोकळीत बीड ओतत. कागदावर जे चपटं पडलेलं असायचं ते मिस्तरींच्या हातून भरीव होऊन उठायचं. आख्ख्या कारखान्यात हे एकट्या त्यांनाच येत होतं. तीच त्यांची अडचण होती, पण ते नंतर सांगते.

त्यांच्या घरात लाकूडकाम कोणी केलेलं नव्हतं. वडील छप्पन सालानंतर बौद्ध झाले आणि पोराला शाळेत घातलं. गावच्या सुतारानं लहानपणी त्यांना पटाशीला हात लावू दिला नव्हता. सोलापूरच्या आयटीआयमध्ये ते पहिल्यांदा पटाशीला शिवले आणि दोन वर्षांनी पहिल्या नंबरानं बाहेर पडले. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पटाशीला धार लावता लावता. वर्कशॉपात पाण्याचा माठ सगळ्यांचा होता, पेला मात्र त्यांचा वेगळा, वेगळ्या खिळ्याला टांगलेला. तो तिथं कोणी टांगला ते मी विचारलं नाही.

ड्रॉइंगला हात लावण्याआधी ते हात धुवायचे. मग कागदाकडं बराच वेळ बघायचे आणि डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांनी हवेत दोन्ही हात फिरायचे, एखादं भांडं पुसावं तसे. बाकीचे फिटर हसायचे. "बनसोडेंच्या अंगात आलं बघा." मिस्तरींना त्याचं काही नव्हतं. पॅटर्न अवघड असला तर ते जेवणाच्या डब्याशेजारचा दुसरा डबा उघडायचे. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला काळ्या मातीचा गोळा असायचा. आधी मातीत करून बघायचं, मग लाकूड कापायचं. दुष्काळात कारखान्यात पाणी मापून मिळायला लागलं, तेव्हा ते पेल्यातला शेवटचा घोट न पिता त्या फडक्यावर ओतायचे.

'पाठ कुठं हाय' हे त्यांचं सगळ्याच गोष्टींना लागू होतं. चेअरमनसाहेबांचा हार घातलेला फोटो पेपरात आला तेव्हा सगळे भोवती जमले होते. मिस्तरी लांबून म्हणाले, "समोरून झ्याक हाय. पाठ बगाय पायजे."

एकदा त्यांच्यावर चोरट्या मापाचा आळ आला होता. स्टोअरकीपरनं लाकूड मोजताना स्वतःची पट्टी आणि मिस्तरींची पट्टी शेजारी ठेवली, तर मिस्तरींची पट्टी थोडी लांब निघाली. फुटाला जेमतेम एक सूत, पण लांबच. झालं, स्टोअरकीपर पट्टी घेऊन साहेबांकडं. मिस्तरींना बोलावणं आलं.

"सायेब, बीड गार झालं की आकसतंय," मिस्तरी म्हणाले. "मी बरोबर मापाचा पॅटर्न केला तर ओतीव काम बारीक येईल. म्हणून आमची पट्टीच मोठी असती. आयटीआयच्या सरांनी दिलीया."

साहेबांना ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. ते हसले आणि पट्टी परत दिली. पण स्टोअरकीपर पुढं कित्येक महिने "लांब मापाचे मिस्तरी" म्हणत राहिला.

आता अडचण. कामाला लागताना मिस्तरींनी आयटीआयचा मूळ दाखला ऑफिसात जमा केला होता. सगळेच करायचे. पुण्याच्या एका मोठ्या फौंड्रीत त्यांचे आयटीआयचे सर पॅटर्न शॉपचे प्रमुख झाले होते. त्यांचं पत्र आलं, 'ये, तुझी जागा इथं आहे.' मिस्तरींनी अर्ज केला, दाखला आणि नोकरीतून मोकळं केल्याची चिठ्ठी मागितली. साहेब म्हणाले, सीझन सुरू आहे, सीझन झाल्यावर बघू. सीझन झाल्यावर म्हणाले, आता दुरुस्तीचे दिवस, आत्ताच तर तुझी गरज. पुढच्या वर्षी पुन्हा पत्र आलं, पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. मी लागले तेव्हा त्यांचा चौथा अर्ज होता. अर्ज माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, अक्षर चांगलं म्हणून. शेवटी 'आपला विश्वासू' लिहिलं की म्हणायचे, "त्याच्याम्होरं लिवा, कृपया."

दाखला न घेता निघून जायचं म्हटलं तर पुण्यात कागद मागणार. तो कागद आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होता आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. मिस्तरी रोज त्या कपाटावरून हजेरीला जायचे. कपाटाकडं बघायचे नाहीत.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. कारखान्याचं पाणी जवळच्या तलावातून यायचं. तलावाच्या काठावर जॅकवेल होती, म्हणजे एक मोठी गोल विहीर. तलावातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून तिच्यात यायचं आणि तिथनं पंपानं वर चढायचं. त्या उन्हाळ्यात तलाव इतका हटला की बोगद्याचं तोंड उघडं पडलं. आत गाळ साठला होता. तो काढायला जवळच्या तांड्यावरची चार माणसं लावली. त्यांच्यातलाच एक, हणमंत, त्यांचा मुकादम.

सकाळी दहाच्या सुमाराला बोगद्याच्या तोंडावरची दरड खाली आली आणि चौघंही आत राहिले.

मिस्तरींना टेकू द्यायला लाकडं घेऊन बोलावलं होतं. साहेबांनी मला जॅकवेलचं ड्रॉइंग घेऊन जीपमधून आणवलं. आम्ही पोहोचलो तेव्हा माणसं तोंडापाशी फावडी मारत होती, आणि जेवढी माती काढावी तेवढी वरून घसरत होती. विहिरीच्या बाजूनं बोगद्याला लोखंडी झडप होती. ती गंजून बसलेली. गॅसनं कापावी तर आत हवा किती आहे कोणाला ठाऊक. एकजण विहिरीत उतरून झडपेला कान लावून होता. तो वर ओरडायचा, "वाजवतायत! अजून वाजवतायत!" आतली माणसं झडपेवर दगड मारत होती.

काठावर हणमंतची बायको शेवंता उभी होती. ती रडत नव्हती. प्रत्येक वेळी वरून आवाज आला की ती एकच विचारायची, "किती जण वाजवत्याती?"

साहेबांनी ड्रॉइंग जीपच्या बॉनेटवर पसरलं. चार जण वाकून बघत होते. वरून बघितलेलं, बाजूनं कापलेलं, समोरचं, अशी तीन चित्रं. प्रत्येकजण वेगळं सांगत होता. मिस्तरींनी टेकू खाली टाकले, शर्टाला हात पुसले आणि म्हणाले, "सायेब, जरा बगू का?"

डोळे मिटले. हात हवेत फिरले. या वेळी कोणी हसलं नाही. मग ते खाली बसले आणि डब्यातला मातीचा गोळा काढला. तो पुरेना म्हणून तलावाचाच गाळ ओढून घेतला. आधी विहीर उभी केली. मग बोगदा, वरून अर्धा उघडा. मग बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन छोट्या तिरप्या भिंती, दरड अडवणाऱ्या, पंखासारख्या. त्या लावताना ते थांबले. समोर खऱ्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा मातीकडं बघितलं. मला हळूच म्हणाले, "बाई, ह्या भिंती कुठं हायत?"

समोर नुसती कच्ची माती होती. भिंती कुठंच नव्हत्या. पण वेळ नव्हता, त्यांनी मातीतल्या भिंती तशाच लावल्या आणि पुढचं बघायला घेतलं.

बोगद्याच्या मध्यावर ड्रॉइंगमध्ये तुटक रेघांचं एक वर्तुळ होतं. मिस्तरींनी मातीत तिथं अंगठा दाबला. "हितं गाळाची कुंडी हाय. हिला वर तोंड हाय. फरशी टाकून वरनं माती वडलीया. म्होरनं खणू नगा सायेब, वरनं खणा."

दोरीनं विहिरीच्या भिंतीपासून माप घेतलं, खुंटी मारली. माणसं तिकडं वळली. दुपार कलली तेव्हा पहारीखाली फरशी वाजली, पोकळ. फरशी सरकवल्यावर आतून आधी वाफ आली आणि मग एक हात. तिघं वर आले, चिखलानं एकाच रंगाचे. पहिल्याला मिस्तरींनी सोबत आणलेल्या स्वतःच्या पेल्यानं पाणी पाजलं. तो पेला तोंडापासून काढेच ना.

हणमंत तोंडाजवळ होता. बाकीच्यांना "मागं सरा" म्हणून ओरडला आणि स्वतः राहिला. त्याला दिवस मावळताना काढलं.

पंधरा दिवस मिस्तरींचं खूप कौतुक झालं. चेअरमनसाहेबांनी शाल दिली. पाहुण्यांना दाखवायला जॅकवेलची लाकडी प्रतिकृती करा, असा हुकूम झाला. मिस्तरींनी ड्रॉइंगबरहुकूम सागवानात ती केली. मधोमध दोन भाग होणारी, उघडली की आतला बोगदा आणि कुंडी दिसायची, तोंडाला दोन पंखभिंती खुंट्यांनी बसवलेल्या. चेअरमनच्या केबिनमध्ये ती ठेवली. मला वाटलं आता तरी मिस्तरींचा दाखला सुटेल. त्यांनी पाचवा अर्ज दिला. चेअरमनसाहेब पाहुण्यांसमोर मोठ्यानं हसून म्हणाले, "असं रत्न कोण सोडतं का हो?"

मग चौकशी लागली. माणूस मेला होता, तेव्हा लागणारच. धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, प्रांतसाहेबांसमोर सुनावणी होती. कारखान्यानं लिहून दिलं की मुकादम हणमंत यानं सांगितल्यापेक्षा जास्त खाली खणून दरड सैल केली, चूक त्याची. शेवंताला कोणीतरी ते वाचून दाखवलं. ती कारखान्याच्या ऑफिसापुढं दिवसभर बसली. कोणाशी भांडली नाही. जाता येता प्रत्येकाला विचारायची, "त्यानंच दरड पाडली व्हय वो?"

एके दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं. जॅकवेलचं ड्रॉइंग पुन्हा गिरवायचं होतं. जुनं कापड खराब झालंय म्हणाले. त्यांनी पेन्सिलीनं नवं काढून ठेवलं होतं. मी बघितलं. पंखभिंती त्यात नव्हत्या. कंत्राटदारानं त्या बांधल्याच नव्हत्या आणि बांधल्या म्हणून साहेबांची सही होती. आता कागदावरही त्या नव्हत्या असं झालं की प्रश्नच मिटत होता.

"आणि हो," साहेब म्हणाले, "कायम करायची यादी पुढच्या आठवड्यात जातेय. तुमचं नाव घालतोय मी."

माझे वडील आजारी, जळकोटला किराणा दुकानाच्या फळीवर पडून होते, घरात बहिणी दोन. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली. मी गिरवलं. कोपऱ्यात जुनी तारीख घातली. शाई वाळेपर्यंत जागची उठले नाही, कारण उठले असते तर वर्कशॉपच्या खिडकीसमोरून जावं लागलं असतं.

पण चेअरमनच्या केबिनमध्ये सागवानी प्रतिकृती होतीच, आणि प्रांतसाहेबांनी ती सुनावणीला मागवली. साहेबांनी ती आपल्या केबिनमध्ये आणवली आणि मिस्तरींना बोलावलं. ड्रॉइंग रूम आणि साहेबांची केबिन यांच्यात नुसतं प्लायवूड होतं. मला सगळं ऐकू येत होतं, आणि फटीतून अर्धं दिसत होतं.

"ह्या दोन भिंती खुंट्यांवर आहेत ना? काढून टाक. तू अंदाजानं लावल्या होत्यास, एवढंच सांग."

"अंदाजानं न्हाय सायेब. कागदावर व्हत्या."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. उठून बाहेरचं लोखंडी कपाट उघडलं आणि परत येऊन एक कागद, मिस्तरींचा दाखला, टेबलावर ठेवला. वर मोकळं केल्याची चिठ्ठी ठेवली, सही केलेली. "हा घे. उद्या पुण्याला जा. कोणी अडवणार नाही."

मिस्तरींनी कागद उचलला. आधी हात शर्टाला पुसले होते. बराच वेळ ते दाखला वाचत होते. त्यात वाचण्यासारखं चारच ओळींचं होतं. मला वाटलं ते घेणार. खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी घ्यावा, म्हणजे माझंही ओझं हलकं झालं असतं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ करून. "सायेब, ती बाई रोज हितं बसती. तिला काय सांगू?"

"तुला सांगायचं काय कारण?"

"ती मला बी इचारती की."

एवढं म्हणून ते बाहेर आले. माझ्या टेबलाशेजारून गेले, बघितलं नाही.

सुनावणीला मी साहेबांच्या बाजूनं बाकावर बसले होते. टेबलावर माझं कापड पसरलेलं, त्याच्याशेजारी मिस्तरींची प्रतिकृती. प्रांतसाहेबांनी दोन्हीकडं आळीपाळीनं बघितलं.

"मिस्तरी, ड्रॉइंगमध्ये भिंती नाहीत. तुम्ही कुठून आणल्या?"

"कागदावर व्हत्या म्हणून लाकडात आल्या सायेब. मी आपल्या मनानं येक सूतबी लावत न्हाय."

"मग कागदावरून गेल्या कुठं? हे ड्रॉइंग कोणी बदललं?"

मिस्तरींनी कापडाकडं बघितलं. मी माझ्या पायांकडं बघत होते. मागं शेवंता उभी होती.

"ते मला इचारू नगा सायेब. मी लाकडाचं काम करतो, कागदाचं न्हाय."

प्रांतसाहेबांनी पाटबंधारे खात्याकडं मंजुरीला गेलेली जुनी प्रत मागवली. ती यायला महिना लागला. तिच्यात दोन्ही भिंती होत्या. निकालात लिहिलं गेलं की हणमंतची चूक नव्हती. शेवंतानं तो कागद मला दाखवला, वाचता येत नव्हतं म्हणून. मी तेवढी ओळ तीनदा वाचली. तिनं घडी घालून तो ब्लाउजमध्ये ठेवला आणि ऑफिसासमोरची जागा सोडून तांड्यावर गेली.

साहेबांना काही विशेष झालं नाही. ते दुसऱ्या कारखान्यात मोठ्या जागेवर गेले. जाताना किल्ली देऊन गेले, पण मिस्तरींचा दाखला कपाटात नव्हता. 'रेकॉर्ड चौकशीत गेलंय', एवढंच उत्तर मिळत राहिलं. मिस्तरींना वर्कशॉपातून काढून गेटवर वॉचमन केलं. पॅटर्न आता तयार विकत आणायचे असं ठरलं. पुण्याहून सरांचं आणखी एक पत्र आलं. नंतर सर निवृत्त झाले आणि पत्रं थांबली. अर्ज लिहून घ्यायला मिस्तरी परत माझ्याकडं आले नाहीत.

मी कायम झाले. दोन वर्षं त्या गेटमधून रोज आत गेले आणि रोज बाहेर आले. मिस्तरी खाकी गणवेशात रजिस्टरवर नाव लिहायचे, "या बाई", "जावा बाई" म्हणायचे. मला कधी थांबायचं धाडस झालं नाही.

मग धाराशिवला जिल्हा परिषदेत माझी निवड झाली. शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन मी गेटपाशी थांबले. दुपारची वेळ, आसपास कोणी नव्हतं. मिस्तरींनी माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली.

"मिस्तरी," मी म्हणाले, "ते कापड मी गिरवलं होतं. भिंती नसलेलं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ठावं हाय. मापाचा बाण काढताना तुमी त्याचं येक पातं लांब वडता. कापड टेबलावर पसरलं तवाच वळखलं."

"मग प्रांतसाहेबांनी विचारलं तेव्हा का नाही..."

"त्यांला भिंतीचं कळाय पायजे व्हतं, ते कळलं. तुमचं नाव सांगून काय झालं असतं? तुमी बी हितंच अडकला असता, माझ्यासारक्या. म्हणलं, येक तर भाईर पडंल."

त्यांनी आडवी दांडी वर केली. "जावा. येष्टी चुकंल."

मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. गाडी यायला वीसेक मिनिटं लागली. उघड्या माळावरून गेट दिसत होतं, तोवर मी वळून वळून बघत होते. उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर बाहेर पडला, त्याच्यासाठी त्यांनी दांडी वर केली, पुन्हा खाली घेतली. मग स्टुलावर न बसता, दोन्ही हात दांडीवर ठेवून, ते आतल्या बाजूला उभे राहिले.